एका सेक्शनात एक गाडी

उमाटेकाका पोस्टाच्या पेटीत पत्र टाकल्यावर लगेच घराकडे वळत नसत. दोन पावलं मागे सरून ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकदा बघून घेत, मग उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरून उभे राहत. हातात काहीच नसे. रायपूरच्या समता कॉलनीतून बाहेर पडणाऱ्या त्या रस्त्यावर सकाळी अशी वर्दळ असते की हात आडवा केलेल्या म्हाताऱ्यापाशी ऑटो थांबणारच. "कहाँ जाना है, अंकल?" काका नुसती मान हलवत. हात खाली येत नसे. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांचा खांदा आखडलाय आणि कुणीतरी चारचौघांत करायचा व्यायाम सांगितलाय.

पुढे मी त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेले, तेव्हा खुलासा झाला. काका स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी लहान लहान स्टेशनांवर गेली, जिथे गाड्या थांबण्यापेक्षा न थांबता जाण्यासाठीच येतात. गाडी जाताना स्टेशनमास्तरने हिरवा झेंडा धरून उभं राहायचं असतं, आणि शेवटचा डबा पार होईपर्यंत हलायचं नसतं.

"पण काका, पत्र तर अजून पेटीतच असतं. तासाभराने पोस्टमन येऊन काढणार ते."

"हव. पण माह्याकडून सुटलं न." मग म्हणाले, "लोकायले वाटते गाडी इंजनानं जाते. गाडी शेवटच्या डब्यानं जाते, पोरी. तो गेला म्हणजे गेली."

ही पत्रं अनोळखी माणसांना जात. काकांचा मुलगा बंगळुरात असतो. एका दिवाळीत त्याने आपला जुना लॅपटॉप वडिलांना दिला आणि एका परदेशी संकेतस्थळावर त्यांचं खातं उघडून दिलं. त्याची रीत साधी आहे. आपण पत्ता मागायचा, जगातल्या कुणा तरी एकाचा पत्ता आणि एक क्रमांक मिळतो. त्या पत्त्यावर चित्राचं पोस्टकार्ड पाठवायचं, त्यावर तो क्रमांक लिहायचा. कार्ड पोचलं की तो माणूस क्रमांकाची नोंद करतो, आभाराच्या दोन ओळी लिहितो, आणि मग आपला पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी मिळतो. ज्याला लिहिलं त्याच्याकडून कार्ड येत नाही, भलत्याकडून येतं. मला तर हे नेहमीच्या मराठी कौटुंबिक जीवनाचंच वर्णन वाटलं होतं.

सुरुवातीला काकांनी सगळे करतात तेच केलं. जितके पत्ते मिळतील तितके एकदम मागितले. सगळ्या कार्डांवर तोच मजकूर इंग्रजीत लिहिला: मी निवृत्त स्टेशनमास्तर आहे, रायपूर छत्तीसगडची राजधानी आहे, इथे ऊन फार. पत्रं पोचली, पुन्हा पत्ते मागितले, पुन्हा तोच मजकूर. मग उलट वाहतूक सुरू झाली. पोस्टमन रोज मूठभर कार्डं आणून देऊ लागला, आणि प्रत्येकाची नोंद करून प्रत्येकाला आभार लिहायचे म्हणून काका जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसले. काकू ताट वाढायला जागा शोधत.

त्या गर्दीत अपघात झाला. फिनलंडमधल्या एका बाईने लिहिलं होतं की तिचा म्हातारा कुत्रा गेल्याच आठवड्यात गेला. तैवानमधल्या दुसरीला नात झाली होती. काकांची कार्डं एकमेकांत मिसळली. तैवानच्या आजीला त्यांनी लिहिलं, जे गेलं ते परत येत नसतं, धीर धरा. आणि फिनलंडला लिहिलं, अभिनंदन, आता तुमच्या घरात आनंदीआनंद असेल.

"मंग?" मी विचारलं. त्यांच्याबरोबर राहून मलाही 'मंग' म्हणायची सवय लागली होती.

"तैवानवाली काही बोललीच नाई. फिनलंडवालीनं लिवलं, तुम्ही म्हणता ते कदाचित खरं असेल." मग म्हणाले, "माणसाचं कुत्रं मेलं अन् मी हसून राहिलो. दोन गाड्या एका लाइनीवर घेतल्या मी. नोकरीत कधी घेतल्या नाई, अन् घरी बसून घेतल्या."

त्या दिवसानंतर त्यांनी पत्रांना रेल्वेचा नियम लावला. दोन स्टेशनांमधला जो तुकडा असतो तो सेक्शन, आणि एका सेक्शनात एका वेळी एकच गाडी. आधीची गाडी पूर्ण पोचली असं पुढच्या स्टेशनमास्तरने कळवून 'लाइन क्लिअर' दिल्याशिवाय मागची सोडायची नाही. आणि ते कळवणंही नुसत्या तोंडी नाही; कळवणाऱ्याने आपल्याकडचा एक गुप्त क्रमांक सांगायचा, म्हणजे दुसराच कुणी बोलत नाही याची खात्री. संकेतस्थळाचा क्रमांक काकांना या कारणानेच आवडला होता. बनवणाऱ्यात कुणीतरी रेल्वेतला असणार, असा त्यांचा पक्का समज होता.

तेव्हापासून एका वेळी एकच पत्र. ते पोचल्याचं कळेपर्यंत दुसऱ्या पत्त्याचं नावही नाही.

पत्ता मिळाला की पहिले दोन दिवस काका काही लिहीतच नसत. त्या माणसाने स्वतःबद्दल जे काही लिहिलेलं असे ते वाचत. मुलाचा शाळेतला नकाशासंग्रह काढून ते गाव शोधत. नाही सापडलं तर जवळचं सापडेल त्यावर बोट ठेवत. गावाला रेल्वे आहे की नाही, हे बघत. नसली तर थोडे हिरमुसत, पण त्या माणसाला दोष देत नसत. मग कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे कच्चा मजकूर, तो काकूंना मराठीत वाचून दाखवणं, काकूंची दुरुस्ती ("हे काहून लिवता? त्यायले काय करायचं तुमच्या गुडघ्याचं?"), आणि मग पक्कं लेखन.

कार्डं हा वेगळाच विषय होता. रायपुरात चित्राचं पोस्टकार्ड मागितलं तर दुकानदार ग्रीटिंग दाखवतो. शेवटी काकांनी घरात साठलेल्या लग्नपत्रिका काढल्या. जाड कागद, वर सोनेरी गणपती, मागे कोरी जागा. कात्रीने पुढचं पान कापलं की कार्ड तयार. परदेशात त्या गणपतीचं फार कौतुक होई. एकदा मात्र काका कापायला चुकले आणि वधूवरांची नावं पुढच्याच पानावर राहून गेली. जर्मनीतल्या कुणीतरी त्यांना वैवाहिक जीवनासाठी भरभरून शुभेच्छा पाठवल्या.

काकू पंधरा दिवस ते सोडायला तयार नव्हत्या. "मले सांगायचं तं होतं. मी हळदीले तरी आली असती."

"अवं, गणपती चांगला होता म्हणून घेतला."

"नवरी बी चांगली असंल."

हे सगळं करून कार्ड पेटीत पडलं की खरा भाग सुरू होई, तो म्हणजे वाट बघणं. काका अस्वस्थ नसत, हे मला आधी समजत नव्हतं. मी त्या वेळी नवा रायपूरमधल्या एका संस्थेत अहवाल लिहीत असे. आमचे अहवाल जाडजूड असत, त्यांची प्रकाशनं फुलांच्या गुच्छांनी होत, आणि प्रकाशनानंतर ते कुणी उघडल्याचा पुरावा माझ्या हाती कधी लागला नाही. अशा नोकरीतल्या माणसाला वाट बघण्याची सवय नसते, कारण वाट बघण्यासारखं काही नसतंच. मी एकदा त्यांना म्हटलं, "काका, या वेगाने तुम्ही आयुष्यात लिहून लिहून किती जणांना लिहाल?"

"जेवढ्यायले लिहीन तेवढ्यायले."

"बाकीचे?"

"बाकीच्यायले काही फरक पडते काय? त्यायले कुठं माहीत आहे मी आहे म्हणून?" मग म्हणाले, "पत्र लिहाले अर्धा तास पुरते, बेटा. पण ते जाऊन राहिलं असते न, तेवढे दिवस त्या माणसाची आठवण येत राहते. आज मुंबईत असंल, आज जहाजात असंल. दहा सोडले तं कोनाची आठवण करू?"

या मंदगतीची कीर्ती कॉलनीत पसरली, ती अर्थातच उलटी होऊन. ज्येष्ठ नागरिकांच्या एका संघाने काकांचा सत्कार ठरवला. फलकावर त्यांना 'विश्वमैत्रीचे दूत' केलं होतं. शाल आली, श्रीफळ आलं, आणि एक स्मृतिचिन्ह आलं, ज्यावर पृथ्वीचा गोल होता आणि त्या गोलावर संघाच्या अध्यक्षांचं नाव. अध्यक्ष निवृत्त अभियंते होते. बोलायला उभे राहिले की बसणं विसरत. त्यांनी मैत्रीचे पूल बांधले, द्वेषाच्या भिंती पाडल्या, आणि बांधकाम पुरेसं झाल्यावर जाहीर केलं की संघाच्या वर्धापनदिनी उमाटेजींच्या नेतृत्वाखाली एकाच दिवशी हजार पत्रं जगभर जातील आणि हा विक्रम ठरेल.

टाळ्या झाल्या. काका माइकपाशी गेले. माइक त्यांनी जुन्या टेलिफोनसारखा कानाजवळ नेला, मग चूक लक्षात येऊन तोंडापाशी आणला.

"मी एका वेळी एकच पाठवतो," ते म्हणाले.

अध्यक्ष हसले. "अहो, म्हणूनच तर आपण सगळे मिळून पाठवू! जगात इतकी माणसं आहेत, उमाटेजी!"

"आहेत न. मंग घाई कायले?"

आणि खाली येऊन बसले. शाल त्यांनी घडी करून मांडीवर ठेवली. हजार पत्रांचा कार्यक्रम पुढे त्यांच्याविना झाला. कार्डांवर अध्यक्षांचा फोटो होता, आणि पत्ते पुरेसे न मिळाल्यामुळे बरीचशी कार्डं भिलाई, दुर्ग आणि नागपुरातल्या नातेवाइकांना गेली.

हा हट्ट काकांच्यात कुठून आला, ते मला काकूंनी सांगितलं. त्या स्वयंपाकघरात फरा करत होत्या, तांदळाच्या पिठाचा तो वाफवलेला प्रकार त्यांनी इथल्या शेजारणींकडून उचलला होता, आणि मी चटणी वाटत होते. काका तेव्हा तरुण होते, एका आडस्टेशनवर. पावसाळ्याची दुपार. एका बड्या साहेबाची तपासणीची गाडी येऊन थांबली. आधी गेलेली मालगाडी पुढच्या स्टेशनला पोचल्याचं कळलं नव्हतं, आणि पुढचं स्टेशन बोलतच नव्हतं. तार तुटली होती की काय, कोण जाणे. साहेब स्वतः फलाटावर उतरले. म्हणाले, मालगाडी केव्हाच गेली असेल, मैं कह रहा हूँ, छोड़िए. काका म्हणाले, लिखकर दीजिए. साहेबांनी लिहून दिलं नाही. काकांनी गाडी सोडली नाही.

"मले क्वार्टरमधून दिसत होतं," काकू म्हणाल्या. "साहेब छत्री घेऊन इकडून तिकडे, तिकडून इकडे. हे आपले हात मागं बांधून उभे. मी चहा पाठवला, तं साहेबानं घेतला नाई. यायनं घेतला."

"मग काय झालं?"

"मंग इंजन तोडलं न गाडीपासून. एकटं इंजन धाडलं, हळूहळू, शिट्टी देत देत. लाइन पाहाले."

"आणि? मालगाडी होती मध्ये?"

काकूंनी फऱ्याची उंडी हातावर वळली. "काही नव्हतं. सेक्शन रिकामं होतं. मालगाडी केव्हाची पोचली होती. तारेवर झाड पडलं होतं, बस."

मला कथेचा हा शेवट पसंत पडला नाही. संध्याकाळी मी काकांना म्हटलं, "म्हणजे साहेबांचं बरोबर निघालं."

"हव."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"काहून? सेक्शन रिकामं होतं हे त्यायले बी माहीत नव्हतं अन् मले बी नव्हतं. फरक एवढाच का मले माहीत नाई हे मले माहीत होतं." पुढच्या बदल्यांत काकांचं नाव फार लांबच्या स्टेशनासमोर लागलं. या दोन गोष्टींचा संबंध त्यांनी कधी जोडला नाही. काकूंनी मात्र जोडला होता, कारण तिथे पाणी लांबून त्यांनाच आणायला लागलं.

माझ्या तिथल्या शेवटच्या वर्षी काकांना लाटव्हियातल्या एका लहान गावाचा पत्ता मिळाला. बाईचं नाव इल्झे. तिने स्वतःबद्दल अगदी थोडं लिहिलं होतं: मी एकटी राहते. मला सुंदर चित्रं नकोत. तुमच्या खिडकीतून काय दिसतं ते सांगा. उत्तराला उशीर झाला तर रागावू नका.

काका खूश झाले. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना जमेल असं मागितलं होतं. चार दिवस ते खिडकीत बसले. समोर डोळ्यांचा दवाखाना होता. त्यांनी लिहिलं की सकाळी तिथे गावाकडची माणसं येतात, प्रत्येकाच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी असते, आणि ती सगळी ओट्यावर रांगेने बसून दुसऱ्या डोळ्याने रस्ता बघत असतात. पोह्यांची गाडी येते तेव्हा सगळ्यांच्या माना एकदम वळतात. एक म्हातारी रोज विचारते, आज पट्टी उघडणार का, आणि उघडणार म्हटलं की घाबरते. एवढ्या बारीक अक्षरात त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. काकूंनी एकही शब्द बदलला नाही. कार्ड सुटलं. हात आडवा झाला. ऑटो थांबला आणि गेला.

आणि ते पोचलंच नाही.

उन्हाळा सरला. पाऊस आला, गेला. संकेतस्थळाला याची एक मुदत आहे. ती संपली की पत्र हरवलं असं धरून ते तुमच्या नावावरून काढून टाकतं आणि नवा पत्ता घ्यायला सांगतं. तसा निरोप आला. मी काकांना म्हटलं, "चला, मोकळे झालात. नवीन पत्ता घ्या."

"कोण म्हणते मोकळा झालो?"

"हे काय, इथे लिहिलंय."

"ते दूर बसलेलं आहे. त्याले काय दिसते?" त्यांनी लॅपटॉप मिटला. "गाडी सेक्शनात आहे, पोरी. कुठं आहे ते कळलं नाई, म्हणजे नाही आहे असं नाई होत."

मला आधी गंमत वाटली. मग ती वाटेनाशी झाली. काका दाढी फक्त पोस्टात जायच्या दिवशी करत, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं; आता पांढरे खुंट वाढून त्यांची दाढीच झाली, तेव्हा आलं. नकाशासंग्रह कपाटात गेला. फिरणं बंद झालं. साखर वाढली, डॉक्टर म्हणाले चालत जा, काका म्हणाले कुठं जाऊ. खिडकीत बसत, पण समोरच्या हिरव्या पट्ट्यांकडे पाहत नसत. मोठ्या पोस्टातल्या तिकिटांच्या खिडकीवरची मुलगी, जी त्यांना दर वेळी "आज कौन सा देश, अंकल?" विचारायची, तिने मला एकदा विचारलं, "अंकल हैं ना?" तिच्या प्रश्नातला 'हैं' मला आवडला नाही.

काकू माझ्याकडे वर आल्या. इतक्या वर्षांत त्या जिना चढून कधी आल्या नव्हत्या, खालूनच हाक मारत. "असं चाललं तं हे खिडकीतच संपतीन," त्या म्हणाल्या. रडत नव्हत्या, हिशेब सांगावा तसं सांगत होत्या. "गाडीखाली रोज कोनी ना कोनी मरायचं, तरी हे उठून ड्युटीवर जात होते. आता कोनी मेलं नाई अन् हे उठून नाई राहिले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या परीने उपाय केला. काका आंघोळ करून आले तेव्हा त्या लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. मी वर्तमानपत्र परत द्यायला खाली आले होते.

"अवो, ऐकलं काय? पोचलं बरं तुमचं पत्र. त्या बाईचा निरोप आलता आत्ता."

काका दारातच थांबले. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला वाटलं, हे खोटं टिकावं. मग त्यांनी विचारलं, "नंबर काय दिला?"

काकूंनी डोळ्यांची पापणी न लववता एक आकडा सांगितला.

काका टॉवेलने कान पुसत राहिले. "हा आपल्या गॅसचा नंबर आहे, शकुंतला."

मी वर्तमानपत्र ठेवून निघाले असते, पण काकूंनी खुर्ची मागे लोटली आणि उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही. उलट खाली आला.

"बरं, खोटं बोलली मी. आता तुम्ही खरं सांगा. त्या दिवशी साहेबाची गाडी किती वेळ उभी ठेवली होती तुम्ही?"

"कोनती गाडी?"

"कोनती म्हणता! छत्रीवाल्याची. किती वेळ ठेवली? वर्षभर ठेवली होती काय?"

काका पुन्हा कान पुसू लागले.

"पुढचं स्टेशन बोलत नसंल तं काय करा लागते? तुमच्याच बुकात आहे न? मी अडाणी आहे, मी क्वार्टरच्या खिडकीतून पाह्यलं तेवढंच मले माहीत आहे. इंजन धाडलं होतं न? एकटं? हळू?" त्यांनी लॅपटॉप काकांच्या दिशेने ढकलला आणि मग तो उचलून बाजूलाच ठेवला, कारण तो लागणारच नव्हता. "मंग आता काहून बसून राहिले? गाडी सोडू नका म्हणते तुमचा नियम. इंजन बी धाडू नका म्हणते काय?"

काकांनी टॉवेल खांद्यावर टाकला. खिडकीपाशी गेले. पाठ आमच्याकडेच होती. मग म्हणाले, "एकट्या इंजनाले पंधराच्या वर स्पीड नाई द्यायची."

"नका देऊ," काकू म्हणाल्या.

दोन दिवसांनी काकांनी दाढी केली. कार्डाला गणपती नव्हता. साधं पांढरं पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर संकेतस्थळाचा क्रमांक नाही, काही नाही; कोपऱ्यात फक्त आपला पत्ता. मोठ्या अक्षरात, एका एका शब्दात बोटभर अंतर सोडून, इंग्रजीत दोनच वाक्यं लिहिली होती. आधी एक पत्र तुमच्याकडे निघालं आहे. ते पोचलं नसेल तर हरकत नाही, वाटेत आहे की नाही एवढंच बघायला हे पाठवतो आहे. पेटीत टाकल्यावर या वेळी त्यांनी हात आडवा धरला नाही. लाइन पाहायला गेलेल्या इंजिनाला, ते म्हणाले, कोणी तसा निरोप देत नसतं.

उत्तर आलं ते पाकिटातून. थंडी सुरू झाली होती. काकूंनी ते उघडायला काकांच्या हातात दिलं, काकांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "सावकाश वाच."

इल्झेने लिहिलं होतं की पहिलं कार्ड तिला वसंतातच मिळालं होतं. पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि शस्त्रक्रियेचा नंबर लागायला वेळ होता. एवढं बारीक अक्षर तिला दिसेना, क्रमांकही दिसेना. शेजारीण वाचून दाखवायला तयार होती. 'पण ती फार भरभर वाचते,' इल्झेने लिहिलं होतं. 'तुमचं पत्र भरभर वाचून घेण्यासारखं आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं. म्हणून मी ते खिडकीत ठेवून थांबले. दुसरं पत्र आलं, त्याची अक्षरं मोठी होती, ती मला दिसली. मला वाईट वाटलं की कुणीतरी इतक्या लांब माझ्यासाठी थांबलं आहे. आता एक डोळा झाला आहे. तुमच्या ओट्यावरच्या माणसांना मी काल भेटले. त्या आजीची पट्टी उघडली का?' खाली तिने क्रमांक लिहिला होता, मोठ्या थरथरत्या आकड्यांत.

काकांनी तो क्रमांक त्यांच्याकडच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. एकेका आकड्यावर बोट ठेवून. मग काकूंना म्हणाले, "तुझा गॅसचा नाई आहे."

"नाई न?" काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत उठल्या. चहा ठेवायला उठल्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

काकांनी त्या दिवशी नवा पत्ता मागितला नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. मी चिडले. "आता कशासाठी थांबलात? मिळाली ना लाइन क्लिअर?"

"मिळाली. पण त्या बाईनं एक विचारलं आहे न." आणि चपला घालून ते समोरच्या दवाखान्यात गेले, आजीची चौकशी करायला. ती आजी कोणत्या गावची, केव्हा आली होती, कुणाला धड सांगता येईना. रोज नव्या आज्या येतात आणि सगळ्याच घाबरतात. काका परत आले आणि त्यांनी इल्झेला तसंच लिहिलं: कळलं नाही, पण पट्टी सगळ्यांचीच उघडतात.

त्याच हिवाळ्यात माझी बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी माझा नवा पत्ता लिहून त्यांच्यापुढे ठेवला. "मला पाठवाल ना एखादं?"

काकांनी कागद वाचला, गावाला रेल्वे आहे हे पाहून मान डोलावली, आणि कागद मला परत दिला. "तुले कायले? तू तं ओळखीची आहे. तुले फोन करीन."

फोन त्यांनी कधी केला नाही. काकू करतात.

सकाळी सामान घेऊन ऑटो कॉलनीबाहेर पडला तेव्हा पेटीपाशी काका उभे होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. कार्ड त्यांनी नुकतंच आत सोडलं असणार, कारण ते दोन पावलं मागे सरत होते. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. माझ्या ऑटोवरून त्यांची नजर गेली, तशी ती सगळ्याच ऑटोंवरून गेली. हात आडवा झाला. माझ्या ऑटोवाल्याने सवयीने वेग कमी केला. "उनको कहीं नहीं जाना है, भैया," मी म्हटलं.

तो हात माझ्यासाठी नव्हता, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी मागच्या फटीतून पाहत राहिले. आमच्यामागून एक पाण्याचा टँकर आला, मग शाळेची बस, मग पंडरीच्या कापडबाजाराकडे निघालेला, गठ्ठे लादलेला टेम्पो. टेम्पो वळला आणि त्यांच्या-माझ्यातला रस्ता थोडा वेळ अगदी मोकळा झाला. हात तसाच होता. आम्ही वळण घेईपर्यंत तसाच होता.